शेवटच्या कवचाची खेकडीण

एका जंगलात एक खेकडीण राहत असे. जंगलात खेकडीण कशी, असे विचारण्याआधी जरा थांबा, मुलांनो. हे जंगल समुद्राच्या तळाशी होते. तिथली झाडे म्हणजे उंच उंच शेवाळ, वारा म्हणजे पाण्याचा प्रवाह, आणि पाखरांच्या जागी मासे. आपली खेकडीण कोळी-खेकड्यांच्या कुळातली. भिंतीवरच्या कोळ्यासारखे लांब, काटकुळे पाय, म्हणून हे नाव. कूळ मोठे आणि फार जुने. त्यात कुणी नखाएवढे, तर कुणाचे पाय माणसाच्या हाताहून लांब. कुणी उघडेच हिंडणारे, तर कुणी नटल्याशिवाय बाहेर न पडणारे.

ही खेकडीण नटणाऱ्यांपैकी. तिच्या पाठीवर बारीक आकड्यांसारखे केस होते, पणजीच्या पणजीपासून चालत आलेले. ती नांगीने शेवाळाचा तुकडा तोडायची, तोंडात धरून त्याची टोके जरा चावायची आणि तो त्या आकड्यांत अडकवायची. वर दगडाला चिकटून वाढणाऱ्या स्पंजचा एखादा तुकडा. असे नटून ती स्वस्थ बसली की दगडच वाटे. शेजारणींनाही तिचा खरा रंग ठाऊक नव्हता. लपणे हा तिचा स्वभाव होता, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्यांना खायला सगळे टपलेले असतात, त्यांनी लपावेच.

आता एक गोष्ट नीट ऐका. खेकड्याचे अंग वाढते, पण कवच वाढत नाही. म्हणून दर वर्षी जुने कवच टाकून नवे घ्यावे लागते, आणि ते नवे कवच तीन-चार दिवस सायीसारखे मऊ असते. त्या दिवसांत सगळे खेकडे वाळूवर जमत आणि एकमेकांना चिकटून मोठा ढीग करत. मऊ अंगाची पोरे आत, कडक कवचाचे मोठे बाहेर. बाहेरच्या एखाद्याचा पाय गेला तरी फारसे बिघडत नसे, कारण पुढच्या कवचाबरोबर त्याला नवा पाय फुटे. खेकडिणीची गोष्ट वेगळी होती. कोळी-खेकड्यांना पुरते मोठे झाल्यावर एक शेवटचे कवच येते, त्यानंतर दुसरे येत नाही. तिला ते आदल्या वर्षीच आले होते. तिचा पाय गेला असता तर कायमचा गेला असता. घरी बसायला याहून चांगले कारण काय हवे? तरी ती आली आणि ढिगाच्या बाहेरच्या कडेला उभी राहिली. तिथे तिच्याशिवाय चारच तरुण, धट्टेकट्टे खेकडे होते, आणि त्यांना अजून पुढची कवचे यायची होती. त्यांनी तिला परत जायला सुचवले.

"मी मऊ होते तेव्हा बाहेर कुणीतरी उभे होते," ती म्हणाली, आणि वाळूत पाय रोवले.

दुसऱ्या दिवशी पाकट आला. पाकट म्हणजे चटईएवढा चपटा मासा, जो खेकडे कवचासकट भरडून खातो. पण हा आला तो मोठ्या सभ्यपणे. म्हणाला, कडक कवचांनी माझे दात दुखतात, मला आतली मऊ पोरे पुरेत. मोठ्यांनी बाजूला व्हावे, मी कुणाला शिवणारही नाही. चौघांत कुजबुज सुरू झाली. एकाची नांगी नुकतीच नव्याने फुटली होती. दुसऱ्याला गरगरत होते. तिसऱ्याने विचारले, ही पोरे आपली थोडीच आहेत? चौथा काहीच बोलला नाही, फक्त सर्वांत आधी निघाला. मला या चौथ्याचा सगळ्यांत जास्त राग येतो. बघता बघता चौघेही शेवाळात दिसेनासे झाले.

मग पाकट खेकडिणीकडे वळला. "तुझे शेवटचे कवच आहे, हे मला माहीत आहे. जन्मभर दगड होऊन बसलीस, तशी आजही बस. मी तुला पाहिलेच नाही असे समजेन."

खेकडिणीला भीती वाटली. खोटे कशाला सांगू, खूप वाटली. तिने नांगी उचलली आणि पाठीवरचे शेवाळ उपटायला सुरुवात केली. एकेक तुकडा, मग स्पंज, मग उरलेसुरले झुपके. ते सगळे तिने मागच्या पोरांच्या अंगावर पसरले. जेवढ्यांना पुरले तेवढी झाकली गेली. आणि वाळूवर जी उभी राहिली ती आजवर कुणी पाहिलीच नव्हती. लालभडक, अंगभर काट्यांची, उघडी.

"आता नीट बघ," ती म्हणाली. "मी हलणार नाही."

पाकट झेपावला. तिचा एक पाय गेला, पण तिचे काटे त्याच्या टाळूत रुतले. तो मागे सरला, पुन्हा आला. दुसरा पाय गेला. आतून एक पोर रडवेल्या आवाजात म्हणाले, "मावशी, तुम्ही जा. तुमचे पाय परत येणार नाहीत."

"माहीत आहे," खेकडीण म्हणाली. "म्हणून तर ते कुठे द्यायचे, हे मी ठरवणार. हा ठरवणार नाही."

तिसरा पाय गेला तेव्हा शेवाळ हलले. सर्वांत आधी पळालेला तो चौथाच सर्वांत आधी परत आला. खेकडिणीची जी बाजू रिकामी झाली होती तिथे येऊन उभा राहिला. मग खाली मान घालून बाकीचे तिघे आले. माझा राग थोडा कमी झाला, सगळा नाही. पाकटाच्या तोंडातून रक्त येत होते आणि समोर आता पाच कडक कवचे होती. तो वळून निघून गेला. चौथ्या दिवशी पोरांची कवचे घट्ट झाली.

पोरांनी ते शेवाळ गोळा करून आणले आणि मावशीच्या पाठीवर परत लावू लागली. तिने त्यांना थांबवले.

"ते तुम्हालाच राहू द्या. तुम्ही लहान आहात, तुम्ही लपा. त्याने मला एकदा पाहिले आहे. आता त्याला लपू दे."

मग ती आठांपैकी उरलेल्या पाच पायांवर, एका बाजूला कलत, भर उजेडात उघड्या वाळूवरून घरी निघाली. वाटेत पाकट वाळूत अंग पुरून पडला होता. नुसते डोळे वर होते. खेकडिणीने वाट बदलली नाही. ती जवळ आली तसे पाकटाने डोळेही आत ओढून घेतले.

तात्पर्य : ज्याचे गेलेले कधीच परत येणार नाही, तोही जागा सोडत नसेल, तर ज्याचे सगळे परत येणार आहे त्याच्यापाशी पळायला कोणतेच कारण उरत नाही.