तीन कुलपांचा वसा

एका राज्यात विमलावती नावाची राजमाता होती. ती एकदा देवीला नवस बोलली होती, "आई, माझ्या सुनेचं भय जाऊ दे. जिथे जिथे ते येईल, तिथलं दार मी तुझ्या नावाने कुलूपबंद करीन." नवस मनापासून होता, माया खरी होती. चूक नवसातच होती.

सून म्हणजे राणी केतकी. त्या नवसाआधी एके सकाळी देवळाच्या पायरीवर एक काळं पाखरू आलं आणि तिच्या छातीवर बसलं. दिसे ते तिला एकटीलाच. काळीज धडधडू लागलं, हातपाय गार पडले, श्वास पुरेना.

"सासूबाई, मी मरते," ती म्हणाली.

घटकाभराने पाखरू उडालं. राजवैद्यांनी नाडी पाहिली. "काळीज ठणठणीत आहे. हे भयाचं पाखरू," म्हणाले.

तेव्हा राजमाता तो नवस बोलली, मांत्रिकाकडून कुलपं आणली, देवळाचं दार बंद केलं. पाखरू नदीच्या घाटावर आलं, घाटाचं दार बंद केलं. अंगणात आलं, अंगणही बंद. कुलपं मंतरलेली, अडवत ती एकट्या केतकीलाच. आता पाखरू नसलं तरी केतकी घाबरे. "आज येईल का हो ते?" एवढंच विचारी.

"सूनबाई, पुरे झाली नाटकं," राजमाता एकदा बोलून गेली.

त्याच अंगणात केतकीच्या लेकीचं, मंजुळेचं लग्न लागलं. आईने खिडकीच्या जाळीतून अक्षता टाकल्या. त्या मांडवापर्यंत पोचल्या नाहीत.

जाळीखालच्या अक्षता टिपायला साळुंकी आली. ती बोलणारी होती. राजमातेला म्हणाली, "बाई, कोंडलंस कुणाला? पाखराला की सुनेला?"

राजमातेने जाळीखालच्या अक्षता पाहिल्या. "कुलपं उघडतील कशी?"

"त्यांना किल्ली नाही. जिने लावली तिने सुनेपुढे चूक कबूल करावी. मग तिच्याजवळ तिथेच बसावं. पाखरू येईल. त्याला हाकलू नये, आपण पळू नये."

अंगणाच्या दाराशी राजमाता म्हणाली, "सूनबाई, तुला न विचारता कुलूप लावलं. माझं चुकलं." कुलूप गळून पडलं. पाखरू आलं, घारीएवढं. केतकी उठू लागली.

"बस. मी आहे."

दोघी बसून राहिल्या. पाखरू आपलं आपण उडालं.

घाटाच्या दाराशी राजमाता म्हणाली, "तुझ्या दुखण्याला नाटक म्हणाले. माझं चुकलं." तिथे पाखरू कावळ्याएवढं आलं.

देवळाच्या दाराशी राजमाता म्हणाली, "मंजुळेचं लग्न..."

"असू दे, सासूबाई."

"असू कसं दे? तो दिवस काही परत यायचा नाही. माझं चुकलं."

कुलूप पडलं. पाखरू आलं, चिमणीएवढं. केतकीचा श्वास अडखळला, तरी ती म्हणाली, "आलंस? बैस." बैस म्हटल्यावर त्याला बसवेना.

तिन्ही कुलपं सुटली. केतकी लेकीच्या सासरी चार दिवस राहून आली. पाखरू अजून कधीमधी येतं, टेकतं, जातं. राजमाता मात्र त्या जाळीपाशी आली की पदर डोळ्यांना लावते.

बायांनो, तुमच्या घरी असं पाखरू आलं, तर कुलूप शोधू नका. वैद्याला दाखवा, जवळ बसा. आणि आपलं काही चुकलं असेल, तर मांडव उतरण्याआधी सांगा. तुम्हीही एवढा वसा घ्या.