ग्रोझ्दाचा सदरा

पाहुण्यांनो, आज आमच्या रूयनो गावाचा सण, म्हणून बायकांचे हे सदरे तुम्हाला पाहायला मिळाले. बल्गेरियाच्या या डोंगरांत पांढऱ्या सदऱ्यावर लाल भरतकाम सगळीकडेच असतं. पण नीट पाहा, ते अंगभर नाही. गळा, मनगटं आणि खालचा घेर, एवढ्याच जागी आहे. कापड संपतं आणि माणूस उघडा पडतो, तिथूनच वाईट आत शिरतं, अशी आमची समजूत. लाल टाका हा त्या दारांवरचा पहारा.

फार पूर्वी या खोऱ्यात महामारी आली, असं सांगतात. काळा फाटका झगा घातलेल्या म्हातारीच्या रूपात ती फिरायची म्हणे. खालची गावं ओस पाडून ती आमच्या खिंडीपर्यंत आली.

गावात ग्रोझ्दा नावाची मुलगी होती. द्राक्षं खुडून झाली की तिचं लग्न व्हायचं होतं. लग्नाचा सदरा ती लहानपणापासून भरत आली होती. मंजिष्ठेच्या मुळ्यांनी रंगवलेला धागा, त्यात सूर्याची चाकं, झाडं, पक्ष्यांच्या जोड्या. तोच सदरा घालून ती एकटी खिंडीत गेली.

म्हातारी म्हणाली, "बाजूला हो, पोरी. तुझ्यात शिरायला मला फट नाही, पण गावात पुष्कळ आहेत."

"जाशील, आजी. पण झगा किती फाटलाय तुझा! एवढी गावं फिरलीस, कुणी टाका घालून दिला नाही? बस, मी भरून देते."

म्हातारीला आजवर कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. ती बसली.

ग्रोझ्दाजवळ दुसरा धागा नव्हता. तिने आपल्याच बाहीचे टाके उसवून म्हातारीच्या बाहीवर घातले. मग गळ्याचे, मग घेराचे. आपलं एकेक दार उघडं पडतंय, हे तिला कळत होतं. बोटं भाजत होती. हात थांबला नाही.

शेवटची गाठ बसली तशी म्हातारी उठली आणि तिने ग्रोझ्दाच्या कपाळाला हात लावला. काहीच झालं नाही. बाहेरचं वाईट अडवणाऱ्या टाक्यांनी म्हातारीच्या आतलं मरण आतच कोंडलं होतं. बाहीवरचे पक्षी ती कितीतरी वेळ पाहत राहिली म्हणे. मग आल्या वाटेने निघून गेली.

गावकऱ्यांना ग्रोझ्दा सापडली ती तापाने फणफणलेली. शिवताना महामारीचा स्पर्श झालाच होता, आणि अंगावरचा सदरा कोरा होता. घरात लाल धागा शिल्लक नव्हता. तिच्या आईने, वेलिकाने, क्षणाचाही विचार न करता स्वतःच्या गळ्याचे टाके उसवले.

"अगं, तू उघडी पडशील!" शेजारीण म्हणाली.

"पडू दे," वेलिका म्हणाली.

मग शेजारणीनेही आपल्या बाहीचा धागा ओढला. मागोमाग घराघरांतून बायका आल्या. अंथरुणाभोवती बसून त्यांनी ग्रोझ्दाचा सदरा भरला, आणि शेवटच्या टाक्याला तिचा ताप उतरला. द्राक्षं खुडून झाल्यावर ती त्याच सदऱ्यात लग्नाला उभी राहिली. त्यावरचा एक लाल दुसऱ्या लालाशी जुळत नव्हता.

आजही रूयनोत मुलीचं लग्न ठरलं की प्रत्येक घरातली बाई आपल्या सदऱ्याचा एक धागा उसवून तिला नेऊन देते. आणि उसवलेली ती जागा कुणीही पुन्हा भरत नाही.