गडावरचा काढा

तापाची साथ आली, तेव्हा राजवैद्य धुंडिराजशास्त्री गडावर बसून काढा वाटू लागले. साथ ओसरताना दरबारात छाती फुगवून म्हणाले, "महाराज, माझा काढा प्यायलेले बहुतेक सगळे वाचले, न प्यायलेले कितीतरी गेले. आता गावोगावचे वैद्य हवेत कशाला?"

महाराज मान डोलावणार, तोच राणीसाहेब शांतपणे म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, उद्यापासून तुम्ही काढा पायथ्याशी वाटा. गडावर येईल त्याला मी नुसतं ताक देते. माझेच जास्त वाचतील."

शास्त्रीबुवा हसले. "ताकानं कुठे ताप जातो?"

"नाहीच जात. पण अंगात ताप असून ज्याला हा गड चढता येतो, तो ताकावरही वाचतो. तुमचा काढा आजवर फक्त त्यालाच मिळाला."

महाराजांनी गावोगावचे वैद्य कायम ठेवले आणि शास्त्रीबुवांना काढ्याची घागर घेऊन गड उतरायला लावलं.