बाळाची बोलकी बोटं

शेवंतीच्या मळ्याकडेला, गळक्या झोपडीत अनशी नावाची चिमुरडी राहायची. पोटभर भाकरी मिळाली की तिचा सण. तिच्या तान्ह्या भावाला जन्मापासून दिसत नव्हतं. आईनं हाक मारली की तो गप्प व्हायचा, तोंड फिरवायचा.

"मी नकोशी आहे गं त्याला," असं म्हणून आई त्याला उचलायलाच कचरायची.

आत्या म्हणाली, "याला काही कळत नाही, वहिनी. आजच नेते माझ्या गावी."

रडत रडत अनशी फुलं खुडायला गेली. तर पिवळ्याधमक फुलावर इवलीशी परी! पंख मोरपंखी, पावलांशी चांदणचुरा.

"माग बाळे, एक इच्छा."

अनशीनं डोळे बारीक केले. फुकट देणाऱ्यावर शहाण्या पोरीनं विश्वास ठेवूच नये.

"बदल्यात काय नेशील? माझे केस?"

"काही नाही गं. नियम एकच. इच्छा तुझ्या तान्ह्या भावाची हवी, त्यानं सांगितलेली. तुझ्या मनची सांगितलीस, तर मी चालले."

"लबाड! त्याला कुठं बोलता येतं?"

"बोलतो की. तुम्ही सगळे तोंडाकडंच बघत बसता."

अनशीनं परीला परडीत घातलं, वर फडकं झाकलं. पळालीबिळाली तर?

घरी परीनं परडीतूनच चांदीचा खुळखुळा किणकिणवला. बाळाच्या मुठी मिटलेल्याच. आत्यानं टाळ्या वाजवल्या. मिटलेल्याच. मग आई पाणी घेऊन आली, बांगड्या वाजल्या. बाळ एकदम गप्प. तोंड फिरलं, कान आईकडं झाला, आणि दुपट्याच्या काठाशी गुलाबी बोटं उघडमीट, उघडमीट!

"आई! तोंड फिरवत नाही तो, तुला ऐकतोय! बोटं बघ, बोलावतोय तुला!"

"उगाच काहीतरी," आत्या फणकारली.

आईलाही खरं वाटेना. तरी तिनं भीतभीत बोट पुढं केलं. बाळानं ते घट्ट धरलं. आईनं उचलताच त्यानं तिची हनुवटी चाचपली, गाल चाचपले आणि खुदकन हसला.

"नेऊ नका हो, वन्सं," आई म्हणाली.

अनशीनं फडकं उचललं. "आईनं घ्यावं, हीच त्याची इच्छा."

"ती तूच पुरवलीस, शहाणे. मग माझ्याकडची उरलेली इच्छा आता तुझी." परडीत सोनेरी, केशरी लखलखाट झाला आणि परी त्यात विरघळली. छपराची भोकं बुजली, कणगी ज्वारीनं शिगोशीग भरली.

आईला मात्र बघायला फुरसत कुठली? तिचं नाक बाळाच्या मुठीत होतं.