गाडग्यातले बदाम

सन १९८८, पौष महिना. थंडी ऐन भरात होती.

"वस्ताद, दूध फुकट आहे. तरी पोरं शाळा का सोडतात?"

केरबा हेडमास्तर तालमीच्या उंबऱ्याबाहेरच थांबला होता. पायांत चपला होत्या. चपलांसकट आत जायची हिंमत हेडमास्तर झाल्यावरही त्याला नव्हती.

गुलाब वस्ताद आखाड्याची माती उकरत होते. वय सत्तरीपुढचं. कमरेला लंगोट, खांद्यावर पंचा. फावडं थांबलं नाही.

"कुणाची पोरं?"

"खडीच्या खाणीवरची. दगडफोड्यांची."

"चपला काढ. आत ये."

केरबा आत आला. याच मातीत तो लहानाचा मोठा झाला होता. आता भिंतीकडेला अंग चोरून उभा राहिला. पँटीला माती लागली असती.

"जिल्ह्याहून शाळेला जादा पैसा आला," तो सांगू लागला. "गरिबाघरच्या मुलांच्या पोटात काही पडावं, ती अभ्यासात मागं राहू नयेत, म्हणून. मी त्याचं दूध सुरू केलं. एक पैसा इकडचा तिकडं होऊ दिला नाही."

"दिलंस कसं?"

"प्रार्थना झाली की नावं पुकारून. खाणीवरच्यांची रांग वेगळी. प्रत्येकाच्या हातात मी स्वतः पेला दिला."

"आणि?"

"चार शब्द बोललो."

"काय बोललास?"

केरबाने छाती जरा पुढे केली. "म्हटलं, मीही गरिबीतून वर आलो. पण कुणाचं फुकट खाल्लं नाही. तुम्हाला मिळतंय, तर त्याची जाण ठेवा."

फावडं थांबलं.

"असं म्हणालास?"

"म्हणालो."

वस्ताद पुन्हा माती उकरू लागले.

"थोडे दिवस प्यायली," केरबा म्हणाला. "मग एकेक गळालं. चौथीतली रंगी तेवढी टिकली होती. फार हुशार पोरगी. आता तीही येत नाही. खाणीवर जाऊन विचारलं, तर म्हणाली, दूध नको गुरुजी."

"बाकीची पोरं काय म्हणतात तिला?"

केरबाने मान खाली घातली.

"सरकारी वासरू."

बैठका मारणारा एक पैलवान फिस्सकन हसला. वस्तादांनी नुसतं पाहिलं. त्याच्या बैठका दुप्पट वेगाने सुरू झाल्या.

"चिडवणाऱ्यांना मी छड्या दिल्या, वस्ताद."

"मग गप्प बसली?"

"माझ्यासमोर."

"हं."

"रंगीचा बाप म्हणतो, शाळा नाही तर खडी फोड. सोमवारी तिच्या हातात हातोडी देणार. एकदा हातोडी घेतली की ती पोरगी गेली, वस्ताद. मला ठाऊक आहे. काहीतरी सांगा."

वस्तादांनी फावडं भिंतीला टेकवलं. दिवस कलला होता.

"बदाम!" त्यांनी हाक दिली.

सगळे पैलवान उठले. ही तालमीची जुनी रीत. कोपऱ्यात एक मोठं गाडगं असे, तोंडावर फडकं बांधलेलं, फडक्याला हात जाईल एवढी फट. संध्याकाळी प्रत्येकाने घरून आणलेले बदाम मुठीत घ्यायचे, मूठ फटीतून आत घालायची, सोडायची. कुणी कुणाला मूठ उघडायला लावायची नाही. मग वस्ताद पाणी ओतत. सकाळी ते बदाम वाटून थंडाई व्हायची आणि सगळ्यांना सारखी मिळायची.

रांग लागली.

"तूही," वस्ताद म्हणाले.

"मी? मी काही आणलेलं नाही."

"मी विचारलं का, काय आणलंस?"

"वस्ताद, मी आता हेडमास्तर..."

"शेवटी उभा राहा. तू सगळ्यांत मागनं आलास."

केरबा उभा राहिला. पुढची पोरं त्याच्या निम्म्या वयाची, उघडी, घामट. रांग सरकत गेली. मुठी आत जात होत्या, बदाम पडत होते, मुठी बाहेर येत होत्या.

त्याची पाळी आली. त्याने रिकाम्या हाताची मूठ वळली आणि फटीतून आत घातली.

हात आत जाताच बोटांनी लहानपणीचं रोजचं काम आपण होऊन केलं. आत पडलेले बदाम त्यांनी हलकेच उचलले आणि सोडले. खुळखुळ वाजलं. नुकतेच कुणी बदाम टाकावेत, तसं.

केरबाचा हात गाडग्यातच राहिला.

"अजून जमतंय की," वस्ताद म्हणाले.

तालमीत कुणी हसलं नाही. कुणाला काही कळलंच नव्हतं.

केरबाने हात बाहेर काढला. कान तापले होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

वस्ताद घागर उचलत होते.

"मला वाटायचं, कुणाला पत्ता नाही. रोज वाटायचं... वस्ताद, माझ्या वाटणीचे बदाम कोण घालत होतं?"

पाणी गाडग्यात पडत राहिलं.

"हे देणं झालं माझ्यावर. कसं फेडू?"

"बाजूला हो," वस्ताद म्हणाले. "पाय भिजतील."

दुसऱ्या दिवशी केरबा खाणीवर गेला. रंगी खडीच्या ढिगावर बसली होती. शेजारी तिचा बाप दगड फोडत होता.

"शाळेत दूध बंद," तो म्हणाला. "सोमवारपासून शेंगदाण्याचे लाडू. शेंगदाणे सगळ्यांनी घरून आणायचे, मूठभर."

"आमच्यात न्हाईत."

"मग मूठ आण."

रंगी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बापाने हातातली हातोडी खाली ठेवली.

सोमवारी शाळेच्या ओट्यावर फडकं बांधलेलं गाडगं होतं. जादा पैशातून आणलेले शेंगदाणे केरबाने पोरं यायच्या आधीच तळाशी घातले होते. गूळही त्याच पैशातला. गुलाब वस्ताद कोवळं ऊन खायला म्हणून येऊन पायरीवर बसले होते. शाळेची पायरी ते आयुष्यात पहिल्यांदा चढले होते, आणि तीही एकच.

पोरं एकेक करून मूठ घालत होती. पाटलाचा नातू आला, सोनाराची पोर आली. सगळ्यांत शेवटी रंगी. केस तेल लावून चापून बसवलेले. तिने मूठ आत घातली आणि पटकन बाहेर काढली. आवाज काही झाला नाही.

"गुरुजी!" पाटलाचा नातू ओरडला. "हिनं काय टाकलंच न्हाई! रिकामीच मूठ घातली!"

सगळी पोरं वळली. रंगीने खाणीच्या वाटेकडे पाहिलं. पाय वळलेच होते.

केरबा पुढे आला.

"टाकले तिनं," तो म्हणाला. "मी पाहिले."

"पण गुरुजी..."

"मी पाहिले म्हटलं ना? बस खाली."

पोरगा बसला. रंगी आपल्या जागेवर जाऊन बसली आणि तिने पाटी काढली.

केरबा पायरीपाशी आला. नोकरीला लागल्यापासून पोरांसमोर तो दुसऱ्या कुणासाठी पहिल्यांदाच खोटं बोलला होता. त्याने वस्तादांकडे पाहिलं.

वस्ताद पंचा झटकून उठले.

"फिटलं," ते म्हणाले.