उताराचा गियर

“आणि हे अधिक-उणे कशाला रे?”

गियरच्या दांड्याशेजारी त्या दोन खुणा होत्या. आक्कांनी त्यांवर बोट टेकवलं होतं.

चंद्रहास पेडणेकर खुलला. गाडी नवी होती, ऑटोमॅटिक होती, आणि तिच्याबद्दल कुणी काही विचारलं की त्याला मनापासून बरं वाटे.

“ते हौशी लोकांसाठी, आक्का. दांडा ‘डी’च्या खुणेवरून बाजूला ओढायचा, की गियर आपल्या हातात. अधिक केलं की वरचा, उणे केलं की खालचा. शोरूमवाला म्हणत होता, घाट उतरताना वापरा. मी म्हटलं, मग ऑटोमॅटिक कशाला घेतली? डीवर टाकायचं आणि निर्धास्त बसायचं. परमार्थासारखंच आहे हे.”

“कधी हात लावून पाहिला नाहीस?”

“कधीच नाही. एकदा सोपवलं की सोपवलं.”



घाटमाथ्यावरच्या छोट्याशा मठात आक्कांचा जन्म गेला होता. त्यांच्याकडे माणसं येत, चार शब्द ऐकून जात. त्यांतला सगळ्यात पक्का शिष्य चंद्रहास. असं आक्का कधी म्हणाल्या नव्हत्या. हे त्याचं स्वतःचंच मत. ‘त्याची इच्छा’ हे शब्द याच्या तोंडात कायम तयार. धंद्यात मात्र तो साधं कुलूप लावायचं कामही दुसऱ्यावर सोपवत नसे.

देवावर त्याने खरोखर एकच गोष्ट सोपवली होती. ती म्हणजे केतकी, त्याची एकुलती एक मुलगी.

केतकीने त्याच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं आणि ती घाटाखालच्या गावात राहायला गेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तिचं सासरी झालं. कारण बापाने बोलावलंच नाही. आज तिच्या बाळाचं बारसं होतं. बोलावणं आक्कांनाही होतं आणि चंद्रहासलाही. चंद्रहासने आक्कांना फाट्यापर्यंत सोडायचं कबूल केलं होतं. तिथून तो गाडी वळवणार होता.

“घरी येणार नाहीस?” घाट लागला तेव्हा आक्कांनी विचारलं.

“त्याच्या मनात असेल तर तो नेईल मला.”

“कसा?”

 समोर वळण होतं. चंद्रहासने ब्रेक दाबला.

पुढचं वळण आलं. पुन्हा ब्रेक. मग त्याने पाय उचललाच नाही. उतार तीव्र होता, गाडी जड होती, आणि दाबून धरलं की सगळं ठीक चालतं असा त्याचा आजवरचा अनुभव होता. घरातही त्याने तेच केलं होतं.

“जळका वास येतोय,” आक्का म्हणाल्या.

“पुढे ट्रक असेल एखादा.”

वळण गेलं. पुढे ट्रक नव्हता.

त्याच्या पायाखालचा ब्रेक मऊ लागला. त्याने जोर केला. तो आणखी आत गेला... आणि पार तळाला टेकला. गाडीच्या वेगात काही फरक पडला नाही.

डावीकडे कठडा होता आणि त्याच्या पलीकडे नुसती हवा.

“आक्का...”

“काय?”

“ब्रेक लागत नाही.”

“दिसतंय.”

 चंद्रहासला मरणाची भीती वाटली, ती वाटायचीच. पण त्या भीतीच्याही आधी त्याच्या डोळ्यांपुढे एक पाळणा आला. तो पाळणा त्याने पाहिलेला नव्हता.

“नाव घ्या, आक्का! देवाचं नाव घ्या!”

“घेतेच आहे मी. तू तुझं काम कर.”

आणि आक्कांनी त्याचा डावा हात स्टिअरिंगवरून उचलला आणि दांड्यावर ठेवला.

त्याने दांडा बाजूला ओढला. स्पीडोमीटरच्या काचेवर पाचाचा आकडा उमटला. त्याने उणे केलं, उणे केलं, पुन्हा उणे केलं, जिवाच्या आकांताने. आकडा एकच घर खाली आला. त्याहून खालचा गियर इतक्या वेगात गाडी घेईना, नुसती टिंगटिंग करत राहिली.

“घेत नाही! आक्का, घेत नाही ती!”

“इतक्या घाईने कोण घेईल? पाय काढ.”

“कुठला पाय?”

“ब्रेकवरचा. तिथे काय उरलंय धरायला? गार होऊ दे त्याला. घाटातले ट्रकवाले हेच सांगतात.”

वेग नको असताना ब्रेकवरून पाय काढायचा! सगळं शरीर नको म्हणत होतं. मांडी आखडली होती, पाऊल जणू तिथेच चिकटलं होतं. चंद्रहासने दात आवळले आणि पाय उचलला. आयुष्यात त्याने इतकं अवघड दुसरं काही केलं नव्हतं.

गाडी पुढे झेपावली...

मग इंजिन गुरगुरलं. चौथ्या गियरने तिला मागे खेचायला सुरुवात केली.

वळण आलं. डावा आरसा कठड्याला घासून फुटला. आक्का हलल्या नाहीत.

“आता,” त्या म्हणाल्या.

त्याने एकदाच उणे केलं. तीन.

इंजिन ओरडलं. वेग उतरला. त्याने वाट पाहिली. वाट पाहायची त्याला सवय नव्हती, पण पाहिली. मग पुन्हा एकदा. दोन. आता गाडी स्वतःच्याच जोरावर स्वतःला आवरत, कुरकुरत खाली निघाली.

उरलेला घाट गाडी दोनवरच उतरली.

फाट्यावर रस्ता सपाट झाला. ब्रेक थोडा धरू लागला होता. गाडी थांबली. चंद्रहासने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं आणि तो रडला.

“त्यानेच वाचवलं, आक्का.”

“हो. त्यानेच.”

“आणि मी समजत होतो...”

त्याने मान वर केली. 

उजवीकडे गावाची वाट होती. तिसऱ्या घराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं इथूनही दिसत होतं. आतून बायकांचं हसणं ऐकू आलं, मग एका तान्ह्या बाळाचं रडणं.

“फाटा आला, आक्का.”

“आला.”

त्यांनी दार उघडलं नाही. मांडीवरची बाळंतविड्याची पिशवी नीट धरून त्या समोर पाहत बसल्या.



“तिने विचारलं, बाबा, मला माहेरी का नेलं नाहीत, तर मी काय सांगू?” चंद्रहासचा आवाज फाटला. दरीपेक्षा त्याला त्या तोरणाची जास्त भीती वाटत होती, आणि हे आता लपवायचं त्राणही त्याच्यात नव्हतं.



त्याने डोळे पुसले. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. मग सवयीने त्याचा डावा हात दांड्याकडे गेला, पुन्हा डीवर टाकायला.

आक्कांनी दांड्यावर तळवा ठेवला.

“असू दे हातातच. दारापर्यंत तूच ने.”