न उकरलेला वाफा

फार पूर्वीची, वर्षाला ऋतूच नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे. ग्रीस देशात, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या टेकड्यांवर एक गाव होते. तिथे बाराही महिने एकसारखे ऊन पडे. सकाळी पेरलेला गहू संध्याकाळी अंकुरे आणि महिन्याभरात कापणीला येई. हे सारे धान्यदेवीच्या कृपेने घडत असे. ती रोज शेतांवरून फिरे आणि तिची एकुलती एक मुलगी फुले वेचीत तिच्यामागून चाले.

त्या गावात एक रीत होती. सकाळी पेरणी करणाऱ्याने संध्याकाळी वाफ्यातली माती बोटाने उकरावी, अंकुर पाहावा आणि मगच जेवायला बसावे. ही रीत कोणी घातली, हे कोणालाही ठाऊक नव्हते. परंतु अंकुर पाहिल्यावाचून घास घेणाऱ्याला सारा गाव अधाशी म्हणत असे.

एके दिवशी देवीची मुलगी कुरणात फुले तोडत असताना जमीन दुभंगली. पाताळाचा राजा काळ्या घोड्यांच्या रथातून वर आला आणि तिला आपली राणी करण्यासाठी खाली घेऊन गेला. जमीन पुन्हा मिटली. देवीने नऊ दिवस मुलीचा शोध घेतला. ती कोठे आहे हे कळताच देवीने आपले काम टाकले, म्हातारीचे रूप घेतले आणि ती त्या गावाच्या विहिरीपाशी येऊन बसली.

त्या दिवसापासून बी उगवेनासे झाले. वारा गार झाला. झाडांची पाने गळून पडली. शेतकरी रीतीप्रमाणे संध्याकाळी माती उकरत, तेव्हा दाणा पेरला तसाच हाती येई. "हे बी मेले आहे," असे म्हणून ते दाणे वेचून घरी नेत आणि दळून खात. असे करता करता गावातले बियाणे संपत आले.

इकडे देवांच्या राजाचा दूत विहिरीपाशी आला.

"आपली मुलगी परत येईल," तो म्हणाला. "मात्र तिने पाताळात डाळिंबाचे सहा दाणे खाल्ले आहेत. तिथले अन्न ज्याने खाल्ले, तो तिथला झाला, असा नियम आहे. म्हणून वर्षातले सहा महिने ती आपल्यापाशी राहील आणि सहा महिने तिकडे."

"अर्धी मुलगी घेऊन मी काय करू?" देवी म्हणाली. "द्यायची तर पूर्ण द्या. नाहीतर या पृथ्वीवर गवताची काडीसुद्धा उगवणार नाही."

"आपण विचार करावा. सात दिवसांनी मी उत्तर न्यायला येईन," असे म्हणून दूत निघून गेला.

थोड्या वेळाने एक शेतकरीण पाण्याला आली. तिला विहिरीच्या काठावर कुडकुडणारी म्हातारी दिसली.

"आजी, इथे गारठ्यात कशाला बसलात? घरी चला. खायला फारसे नाही, पण चूल पेटलेली आहे."

शेतकरणीच्या घरी तिची सात वर्षांची मुलगी होती आणि वाटीभर गहू होता. घरात दुसरे धान्य नव्हते. मुलीचे गाल बसले होते. ती त्या वाटीकडे पाहत होती.

शेजारी दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, दळून टाका एकदाचे. आमचे तर कालच संपले. मेलेल्या बियाण्याची राखण करून काय मिळणार?"

"मेलेले आहे हे तुम्हांला कसे कळले, भाऊजी?"

"उकरून पाहिले की."

"रोज?"

"रोज म्हणजे काय, दिवसातून तीनदा."

"मग बिचारे उगवणार तरी कधी?" शेतकरीण म्हणाली.

शेजारी मान हलवत निघून गेला. शेतकरणीने मूठभर गहू बाजूला काढला. त्याची पेज सात दिवस पुरवायची, असे तिने ठरवले. उरलेला गहू घेऊन ती वाफ्यात गेली, तिने तो पेरला आणि त्यावर गळलेल्या पानांचा जाड थर पसरला. म्हातारी बाजूला उभी राहून हे पाहत होती.

"आणि उगवले नाही तर?" म्हातारीने विचारले.

"उगवण्याचे काम माझे नाही, आजी. पेरण्याचे माझे."

"लेकीला उपाशी ठेवून पेरतेस?"

शेतकरणीने वाफ्यावरची पाने हाताने सारखी केली. मग म्हणाली, "हे दळले तर ती दोन दिवस पोटभर जेवेल. तिसऱ्या दिवशी मी तिला काय सांगू?"

सहा दिवस गेले. पेज पातळ होत गेली. त्या घरातले कोणीही वाफ्याला हात लावीना. गाव हसू लागला. "अंकुर न पाहता पेज पितात," असे लोक म्हणू लागले.

सातव्या दिवशी दुपारी म्हातारीलाच राहवले नाही. आपल्या दुःखामुळे ते बी उगवणार नाही, हे ठाऊक असूनही ती वाफ्यापाशी गेली, वाकली आणि तिने पाने बाजूला सारली. तिचे बोट मातीला लागणार, इतक्यात मागून आवाज आला.

"आजी, उकरू नका." ती शेतकरणीची मुलगी होती. अशक्तपणामुळे ती कुंपणाला धरून उभी होती. "आई म्हणते, झोपलेल्याचे पांघरूण ओढू नये. त्याला जाग आली की ते आपणच बाहेर येते."

"तुला भूक नाही का लागली, बाळ?"

"लागली आहे ना. म्हणून तर उकरू नका."

देवीने हात मागे घेतला. याच मातीखाली आपलीही मुलगी आहे, हे तिला आठवले. या बाईने वाटीभर गहू जमिनीला देऊन टाकला आणि परत किती येईल, असे एकदाही विचारले नाही. आपण मात्र अर्धे मिळत असताना पूर्णासाठी अडून बसलो आणि दुसऱ्यांची लेकरे उपाशी ठेवली. तिने पाने पुन्हा नीट पसरली.

दूत आला, तेव्हा ती वाफ्यापाशीच उभी होती.

"मान्य आहे," ती म्हणाली. "सहा महिने तर सहा महिने. तिला येऊ द्या."

त्याच क्षणी वारा थांबला. जमिनीत ऊब आली. टेकडीपलीकडच्या कुरणात माती हळूच उघडली आणि फुलांचा परकर झटकत देवीची मुलगी वर आली. आईने धावत जाऊन तिला कुशीत घेतले. किती वेळ घेतले, ते कोणी मोजले नाही.

"वाळलीस गं," आई म्हणाली.

"सहाच दाणे खाल्ले, आई. वाळणार नाही तर काय होणार?" मुलगी म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी देवीला हसू आले.

संध्याकाळी शेतकरणीच्या वाफ्यात, पानांच्या थरातून हिरवी टोके वर आली. रानात उगवलेल्या भाजीपाल्यावर गावाने महिना काढला आणि गहू कापणीला आला. शेतकरणीने लेकीला पोटभर भाकरी घातली आणि गावातल्या प्रत्येक घरी ओंजळभर बियाणे दिले. सर्वांत शेवटी शेजारी आला. तो खाली मान घालून उभा राहिला.

"घ्या, भाऊजी. पण दिवसातून तीनदा उकरायचे नाही."

"एकदा?"

"एकदाही नाही."

"मग जेवायचे कधी?"

"भूक लागेल तेव्हा," शेतकरीण म्हणाली. गावातली ती जुनी रीत त्या दिवशी संपली.

सहा महिने सरले. देवीच्या मुलीची पाताळात जाण्याची वेळ झाली, तशी पाने पिवळी पडू लागली. देवीचे डोळे भरून आले. परंतु या वेळी तिने शेते टाकली नाहीत. गळलेली पाने गोळा करून तिने पेरलेल्या वाफ्यांवर पसरली. मुलगी निघताना "जाते" म्हणाली नाही. "आई, येते," असे म्हणाली.

तेव्हापासून ती पाताळात असते, तोवर हिवाळा असतो. ती माहेरी आली की वसंत येतो. आणि त्या गावातले लोक थंडीत उगाच माती उकरत बसत नाहीत. ते चुलीपाशी बसून वाट पाहतात.

तात्पर्य: जे मातीखाली गेले, ते सारेच नाहीसे झाले असे नसते. त्याला त्याचा वेळ द्यावा; आणि जे अर्धे परत येते, त्याचे पूर्ण आनंदाने स्वागत करावे.